काना हाताशी

दुकानात साखर कुठे ठेवायची, हे मला एका छापखान्यातल्या माणसाने शिकवलं. ते वाणी नव्हते. त्यांच्या घराण्यात कोणी कधी तराजू धरला नव्हता, आणि स्वतःच्या घरचं सामानसुद्धा ते पाव-पाव किलोनेच नेत. तरी कोथरूडच्या आमच्या भागात एकेकाळी दहा-बारा किराणा दुकानांच्या फळ्या त्यांच्या हाताने लागलेल्या होत्या. आम्ही सगळे त्यांना जुळारी म्हणायचो. छापखान्यात शिशाचे खिळे एकापुढे एक लावून मजकूर तयार करणाऱ्याला हा शब्द आहे. होता, म्हणायला हवं. तोंडावर काका, पाठीमागे जुळारी. त्यांना दोन्ही माहीत होतं.

आमच्या ह्यांनी पिंपरीच्या कारखान्यातली नोकरी सोडली, सोडायला लावली म्हटलं तरी चालेल, आणि आमच्याच सोसायटीच्या तळमजल्यावर दुकान काढलं. काढलं ह्यांनी, चालवलं मी. हे कारखान्यात स्टोअरला होते, त्यामुळे मांडणीचं खातं त्यांनी स्वतःकडे घेतलं आणि सगळा माल उंचीनुसार लावला. शाळेच्या फोटोत मुलं उभी करतात तसे उंच डबे कडेला, बुटके मधे. दिसायला फार देखणं होतं. येणारा प्रत्येक नातेवाईक वा वा करून गेला आणि मी रोज घरी जाऊन गरम पाण्यात पाय घालून बसायला लागले.

साखर तेव्हा सुटी असायची, पत्र्याच्या पिंपात. ते पिंप सगळ्यांत उंच, म्हणून पार टोकाच्या कोपऱ्यात. एके दिवशी एक सडपातळ गृहस्थ आले, पाव किलो साखर मागितली, पैसे दिले आणि तिथेच उभे राहिले. पुण्यात दुकानदाराकडे असं कोणी टक लावून बघत राहिलेलं चालत नाही.

"आणखी काही हवंय?" मी विचारलं. म्हणजे, निघा.

"साखरेला आठ पावलं जाता, आठ परत येता," ते म्हणाले. "मी उभा आहे तेवढ्यात अकरा वेळा गेलात. केवड्याच्या पाण्याची बाटली मात्र हात लांब केला की मिळते. आज किती गेल्या केवड्याच्या?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला काही नाही. पाय तुमचे आहेत." पिशवी उचलून जाता जाता ते थांबले. "वहिनी, तुमच्याकडे ज्ञ हाताशी आहे आणि काना कोपऱ्यात."

मला वाटलं, डोक्यावर परिणाम झालेला दिसतोय. पण दुसऱ्या दिवशी मी स्वतःच पावलं मोजली आणि ते पुन्हा आले तेव्हा काना म्हणजे काय ते विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. छापखान्यात जुळाऱ्यासमोर लाकडी पेटी असते, तिला केस म्हणतात. तिच्यात शेकडो खण आणि एकेका खणात एकेक अक्षर. मराठीत सगळ्यांत जास्त लागतो तो काना. 'माझा बाबा आला' एवढ्याशा ओळीत सहा काने. म्हणून काना हाताशी. ज्ञ कधी लागणार? नोटिशीखाली 'आज्ञेवरून' लिहायचं तेव्हा. म्हणून तो लांब. "साखर हा तुमचा काना आहे. चहा वेलांटी. काडेपेटी अनुस्वार, दिसायला एवढीशी, पण कुठेही लागते. केवडा वर्षातून एकदा मागतात. तो ज्ञ."

सोमवारी आमचं दुकान बंद असे. त्या सोमवारी ते सकाळीच हजर झाले. आधी मला भिंतीशी मधोमध उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि दोन्ही हात लांब करायला सांगितलं. हात जिथपर्यंत पोचले तिथे त्यांनी सुताराच्या जाड पेन्सिलीने फळीच्या कडेला रेघ मारली. "ही तुमची केस."

हे म्हणाले, "माझा हात आणखी वीतभर वर पोचतो."

"दुकानात कोण उभं राहतं?"

"ही."

"मग तुमच्या हाताचा काय उपयोग?"

ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण संध्याकाळपर्यंत साखर, चहा, मीठ, तेल, डाळी आणि साबण माझ्या हातांच्या घेरात आले होते. पिठीसाखर आणि मैदा त्यांनी मुद्दाम दोन टोकांना ठेवले. घ आणि ध शेजारी ठेवू नयेत, घाईत हात चुकतो, असं त्यांचं म्हणणं. त्या आठवड्यापासून माझं गरम पाणी बंद झालं.

मोबदला म्हणून ते जे घेत ते सांगण्याइतकंसुद्धा नव्हतं. येणं मात्र नेमाचं. धायरी तेव्हा निम्मी गावच होती. तिथून बस बदलून ते यायचे आणि दुकानादुकानांत फिरायचे. गौरी-गणपतीच्या आधी खोबरं आणि गूळ खाली उतरवायचे, दिवाळीच्या तोंडावर रवा-मैदा हाताशी आणायचे, नवरात्र आलं की साबुदाणा आणि वरी पुढे. मजकूर बदलला की केस बदलायची, एवढंच ते सांगत. एरवी बोलणं प्रमाण, छापील. रागावले की 'आहे'चं 'हाय' व्हायचं. एकदा ह्यांनी पापडखाराची पुडी खायच्या सोड्याच्या खणात टाकली, तेव्हा 'हाय' चार वेळा आलं. "चुकीच्या खणात पडलेला खिळा तिथे गप्प बसतो," ते ह्यांना म्हणाले. "पुढच्याच्या मजकुरात जाऊन बोलतो."

त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा सतत हलत असे. ओळ जुळवताना खिळे पडू नयेत म्हणून अंगठ्याने दाबून धरायचे असतात, ती सवय. हातात काही नसलं तरी अंगठा एक ओळ धरून असायचा. आणि त्यांना उलटं वाचायचा जबरदस्त सराव होता. शिशाचं अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं, छापल्यावरच ते कागदावर सरळ येतं. गिऱ्हाइकाने यादी काऊंटरवर ठेवली की मी ती माझ्याकडे फिरवून घेईपर्यंत जुळारी माझ्या शेजारून तीन जिनसा सांगून मोकळे. स्वतःचं हस्ताक्षर मात्र इतकं गचाळ की त्यांनी लिहिलेलं त्यांनाच लागत नसे.

"आमच्या घरात अक्षराला हात लावणारा मी पहिला," एकदा ते हसत म्हणाले होते. "आणि तेही उलट्या अक्षराला."

बुधवार पेठेतल्या एका बोळात त्यांचा छापखाना होता. वीस-बावीस वर्षं त्यांनी तिथे काढली. मग मालकाने कॉम्प्युटर घेतला. जुळाऱ्यांची गरज संपली आणि शिसं भंगारात द्यायचं ठरलं. ही हकिकत त्यांनी मला एका रिकाम्या दुपारी चहा पिता पिता सांगितली. शेवटचं काम छापून झाल्यावर मालक म्हणाला, जा आता घरी. जुळारी गेले नाहीत. तीन दिवस बसून त्यांनी छापखान्यातला एकूण एक खिळा आपापल्या खणात परत टाकला. चौथ्या दिवशी भंगारवाल्याने सगळ्या केसी पोत्यांत पालथ्या केल्या.

"तुम्हाला माहीत होतं ना तो ओतून नेणार आहे?" मी विचारलं.

"होतं की."

"मग तीन दिवस कशाला खपलात?"

त्यांनी माझ्याकडे नवल वाटल्यासारखं बघितलं. "मजकूर छापून झाला होता. छापून झालं की खिळे खणात जातात. ओतणं हे त्याचं काम. लावणं माझं."

मला तेव्हा हा निव्वळ हट्ट वाटला होता. मी विषय बदलला आणि त्यांना खारी दिली.

मग कोथरूड भराभर बदललं. सकाळी कोपऱ्यावर हिंजवडीच्या बसला रांगा लागायला लागल्या. गळ्यात ओळखपत्र लटकवलेली तरुण मंडळी दुकानात यायची आणि काऊंटरच्या वरून माना लांब करून विचारायची, "काकू, आत येऊन बघू का?" कंपन्यांचे टाय लावलेले प्रतिनिधी रंगीत तक्ते घेऊन हिंडायचे. आमचं बिस्कीट डोळ्यांसमोर, आमचा शाम्पू दारात लटकवा, बदल्यात रॅक फुकट. एकाने आमच्याकडे तक्ता उघडला तेव्हा जुळारी तिथेच होते.

"माल आय लेव्हललाच पाहिजे, काका," तो म्हणाला.

"कोणाच्या? वहिनींच्या की तुमच्या साहेबांच्या?"

तो हसला आणि शेजारच्या दुकानात गेला. शेजारच्याने रॅक घेतले. मग त्याच्या पलीकडच्याने. वर्ष-दीड वर्षात जुळाऱ्यांची एकेक फळी गेली. त्यांनी कोणालाही दोष दिला नाही, फक्त त्यांची फेरी लवकर संपायला लागली आणि ते आमच्याकडे जास्त वेळ बसायला लागले. त्यांच्या हातची मांडणी आता आमच्याकडेच उरली होती. एकदा साखर घेऊन निघताना पाठमोरेच म्हणाले, "तुमची राहील ना, वहिनी?"

"राहील हो," मी म्हटलं.

पण शेवटी आम्हीही काऊंटर काढायचं ठरवलं. गिऱ्हाईक आत येऊन हाताने माल घेणार, तसंच दुकान करायचं. हे म्हणाले, कंपनीला बोलावू. मी अडून बसले. म्हटलं, काकांना एकदा करू दे. कबूल करते, त्यात थोडा मोठेपणाही होता माझा. जुळाऱ्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा अंगठा जोरात हलायला लागला.

तीन दिवस आम्ही पुढचं शटर खाली ठेवलं आणि मागच्या पार्किंगच्या दाराने ये-जा केली. जुन्या लाकडी फळीपुढे लोखंडी रॅक आडवे लावले. बिलाच्या कॉम्प्युटरची तार मागच्या भिंतीतून येत होती, म्हणून माझं टेबल तिथेच, पार आत. जुळारी माझ्या खुर्चीपाशी उभे राहायचे, डोळे मिटायचे, पुटपुटायचे आणि जाऊन एकेक पुडा ठेवून यायचे. ती तीन दिवसांची तंद्री मी विसरणार नाही. मीही खुर्चीत बसून बघत होते. साखर माझ्या जवळ, सगळी नावं माझ्याकडे तोंड करून. मला ते फार सुंदर वाटलं.

चौथ्या दिवशी शटर वर केलं. पेढे आणले होते. सोसायटीतली मंडळी, ओळखीपाळखीचे, बसच्या रांगेतले दोघं-तिघं, सगळे एकदम दारात आले आणि दारातच थबकले.

"काकू, माल रुसलाय का तुमचा?" एक तरुण म्हणाला. "सगळे पाठ फिरवून बसलेत!"

हशा पिकला. मला कळेचना काय झालं. मी उठून रॅक ओलांडून दारापर्यंत गेले आणि मागे वळून बघितलं. एकाही पुड्याचं नाव दिसत नव्हतं. दिसत होत्या त्या पाठी, बारीक अक्षरातल्या. बिस्किटं कुठली, साबण कुठला, चहा कुठला, काही समजत नव्हतं. जुळाऱ्यांनी आयुष्यभर केलं तेच केलं होतं. मजकूर आपल्या बाजूने लावायचा, समोरच्याला तो सरळ दिसतोच. काऊंटर होता तोवर ते खरं होतं. गिऱ्हाईक माझ्या मागच्या फळीकडे बघायचं, मी वळून त्याच फळीकडे बघायचे. आता गिऱ्हाईक पलीकडून येणार होतं, आणि तिकडे जाऊन बघायचं आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं.

ते हळूहळू दारापर्यंत आले. चपला घालून बाहेर रस्त्यावर गेले आणि पुन्हा आत आले, गिऱ्हाईक येतं तसे. खूप वेळ बघत राहिले.

"खरं हाय," ते म्हणाले. "या बाजूने मी कधी वाचलंच नाही. सरळ बघायला छापखान्यात प्रूफवाले असायचे."

लोक अजून हसत होते, वाईट मनाने नव्हे, पण हसत होते. जुळारी पहिल्या रॅकपाशी गेले आणि एकेक पुडा फिरवायला लागले. एक पुडा खाली पडला. कोणीतरी म्हणालं, आजोबा, दिवाळी येईल हं असं करता करता. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला त्या सगळ्याची लाज वाटली. त्यांची लाज वाटली, स्पष्टच सांगते.

"राहू द्या, काका," मी म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं. "राहू द्या आता. उद्या कंपनीची माणसं येऊन करतील."

त्यांनी हातातला चहाचा पुडा नीट, नाव दाराकडे करून ठेवला. मग पिशवी घेतली आणि गेले. पेढा त्यांना द्यायचा राहिला.

चूक दोघांची होती. प्रूफ बघायला मी होते ना तिथे! तीन दिवस त्याच खुर्चीत बसून मी माना डोलावल्या होत्या. पण हसू त्यांचं एकट्याचं झालं, आणि 'मीही बघितलं नाही' हे साधं वाक्य मला त्या वेळी लोकांसमोर बोलता आलं नाही.

कंपनीच्या माणसांनी एका दिवसात दुकान लावलं. साखर त्यांनी पार टोकाला ठेवली. साखरेला येणारं गिऱ्हाईक वाटेत चार गोष्टी उचलतं, असं त्यांचं शास्त्र. महिन्याभराने जुळारी आले. आत आले नाहीत. काऊंटर अजून आहे अशा थाटात दाराबाहेर उभं राहून म्हणाले, "पाव किलो साखर." साखर तेव्हा पुड्यात मिळायला लागली होती, अर्ध्या किलोच्या. मी लगबगीने टोकापर्यंत गेले, पुडा आणला आणि त्यांच्या हातात दिला. पैसे नकोत म्हटलं. त्यांनी ते मोजून चौकटीवर ठेवले.

"बावीस," ते म्हणाले.

मला आधी वाटलं किंमत सांगताहेत. ते बसस्टॉपकडे वळल्यावर कळलं, माझी पावलं मोजली होती.

त्यानंतर ते आले नाहीत. मला जायचं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ, दुकान कोणावर टाकू, असं करत मी वर्षं घालवली. माफी मागायला धायरी काही परदेशात नव्हती. अखेर ते गेल्याचं बसमध्ये भेटलेल्या एका जुन्या दुकानदाराकडून कळलं, तेव्हा मी गेले.

दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली त्यांचा फोटो. त्यांच्या पत्नींनी मला स्वयंपाकाच्या खोलीत बसवलं. फळीवर पितळी आणि पत्र्याचे डबे ओळीने होते आणि प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी, त्या गचाळ अक्षरात. साखर. चहा. मीठ. सगळ्या चिठ्ठ्या दाराकडे तोंड करून.

"तुमच्याकडनंच आले ना त्या दिशी," त्या म्हणाल्या, "तवापासनं ह्यो नाद लागला. डबा ठिवायचा, भायेर जायचं, दारातनं बघायचं, मग आत. रोज. मी म्हनायची, अवो, मला कुठं वाचता येतंय? तर म्हनायचे, तुझ्यासाठी न्हाई गं. येनाऱ्याला सरळ दिसलं पायजे."

कोथरूडला माझ्या तोंडून निघालेलं ते एक 'राहू द्या' इतकी वर्षं धायरीच्या त्या दारात बोलत होतं. मी त्यांच्या पत्नींना सांगितलं, चूक माझीही होती हो. त्यांना ते नीटसं समजलं नसावं. "चा घ्या," त्या म्हणाल्या, आणि न बघता हात लांब करून साखरेचा डबा उचलला.

आता लोक फोनवर बटणं दाबतात आणि सामान दारात येतं. आमचं दुकान गेल्या वर्षी आम्ही बंद केलं. कंपनीने आपले रॅक परत नेले आणि उरलेला माल फरशीवर ढिगाने पडला. तो एका माणसाने एकगठ्ठा घेतला होता. दुपारी पोती घेऊन येणार होता. रॅक हलल्यावर मागची जुनी लाकडी फळी उघडी पडली. तिच्या कडेला पेन्सिलीची रेघ तशीच होती.

मी पदर खोचला आणि ढिगातून एकेक पुडा उचलून लावायला घेतला. साखर मधे, चहा तिच्या शेजारी, काडेपेट्या, मीठ. मैदा एका टोकाला, पिठीसाखर दुसऱ्या.

"अगं, दोन तासांत पोत्यांत भरायचंय ते सगळं," हे म्हणाले.

"माहितीये," मी म्हटलं.

थोड्या वेळाने हे उठले आणि वरच्या फळीवर केवडा ठेवून आले.

लावून झाल्यावर मी रेघेच्या मधोमध उभी राहिले, डोळे मिटले आणि हात लांब केला. साखर लागली. एकही पाऊल चालावं लागलं नाही, आणि मोजायला ते नव्हते. मग मी चपला घातल्या, बाहेर रस्त्यावर गेले आणि गिऱ्हाईक येतं तशी दारातून आत आले. प्रूफ बघायचं राहिलं होतं. फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश वाचत गेले. सगळी नावं सरळ होती. तोवर टेम्पो आला होता. मी बाजूला झाले आणि पोतीवाल्याला आत बोलावलं.